जोंधळ्याचा डबा

आमची धाकटी जाऊ मथुरा दर रविवारी लोकांच्या घरात शिरते आणि तिथलं कायतरी उचलून आणते. असं सांगितलं की नवं माणूस दचकतं. म्हणून पुढचं मी लगेच सांगून टाकते. पैसे देऊन आणते.

आमच्या भूम तालुक्याच्या अंगाला हे आता लई वाढलंय. पोरं पुण्याला नोकरीला, आईबाप इकडं. बाप गेला की पोरगा आईला न्यायला येतो. त्याला सुट्टी शनिवार-रविवारची. शनिवारी येऊन घर उचकायचं, रविवारी सकाळी सगळं सामान अंगणात मांडायचं, मोबाईलवर निरोप फिरवायचा, जे विकंल ते विकायचं आणि दिवस मावळायच्या आत आईला गाडीत घालून निघायचं. सोमवारी हापिस. ह्याला "घर मोडलं" असं म्हणायचं न्हाय, अपशकून होतो. "घर आवरलं" म्हणायचं.

मथुराला ह्या आवराआवरीचा नाद. आमी राहतो ईट गावात. तिची नात प्रतीक्षा मोबाईलवरचा निरोप वाचून दाखवती आणि मथुरा पिशवी काखंत मारून तयार. संगं मी. मला काय घ्यायचं नसतं, पण भाव करताना बाजूला उभं राहून नाक मुरडायला कुणीतरी लागतं.

तिच्या घरात बसलं की अर्ध्या तालुक्याच्या घरात बसल्यासारखं वाटतं. पलंग एका बँकवाल्या मॅडमचा. कपाट मास्तराचं. त्याच्या दाराला आतनं पोरांच्या उंचीच्या रेघा मारलेल्या, त्या मथुरानं आजवर पुसू दिल्या न्हाईत. फ्रीज एका कंपाउंडरचा, दार लावताना त्याला गुडघा द्यावा लागतो. भिंतीवरचं घड्याळ कुणाचं ते तिलाबी आठवत न्हाय, पण ते कायम पुढं पळतं. मथुरा म्हणती, "ज्याचं होतं त्याला रोज एसटी गाठायची असंल."

माझा धाकटा दीर लवकर गेला. तवापासून तिनं लोकांच्या रानात राबून दोन पोरं मोठी केली. नवं भांडं घ्यायची ऐपत नव्हती तवा जुनं घ्यायची, आता पोरं कमावती झाली तरी जुनंच घेती. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "अक्का, नव्या भांड्याला काय अक्कल असती? जुन्यानं एक संसार पार पाडलेला असतो. त्याला सवय असती."

तिचे काही नेम हायेत. कुणाची केरसुणी आणायची न्हाय, ती त्या घरची लक्ष्मी. कुणाचा देव्हारा आणायचा न्हाय, मग तो शिसवी असू द्या न्हायतर चंदनी. आणि सगळ्यात मोठा नेम म्हंजे घरच्या बाईला विचारल्याबिगर वस्तू उचलायची न्हाय. बाप्या माणसानं भाव सांगितला, पैसे घेतले, तरी ही जाणार आत, चुलीपाशी, आणि विचारणार, "बाई, घेऊ का?" बाई व्हय म्हणाली तर घ्यायचं. तिच्या डोळ्यात पाणी आलं तर ती वस्तू जागेवर ठेवून बादली घ्यायची. मथुराच्या घरात बादल्या लई हायेत. "बादलीसाठी कुणी रडत न्हाय," असं तिचं म्हणणं.

हा नेम तिनं एकदाच मोडला. त्या रविवारचं सांगते.

प्रतीक्षाचं लग्न ठरलेलं होतं. मथुराच्या मनात एकच, रुखवतात पितळेचा मोठा डबा ठेवायचा. प्रतीक्षा म्हणायची, "आज्जी, स्टीलचा चालंल की." मथुरा म्हणायची, "स्टीलचा तर निवडणुकीतबी वाटतात."

त्या रविवारी भूमला बाजाराच्या मागच्या अंगाला एक घर आवरणार होते. घरधनी एसटीत कंडक्टर होता, तो वारला. मागं बायको धुरपदाबाई. आमची तिची वळख नव्हती, बाजारात येताजाता नुसती बघितलेली. तिला न्यायला पोरगा श्रीनाथ आणि सून राजेश्वरी आलेली. आमी सकाळीच पोचलो. अंगणात सगळा संसार उन्हाला बसलेला. खाटा, गाद्या, मिक्सर, पोरांच्या सायकली, कंडक्टरची ती पत्र्याची पेटी. एका बाजूला रंगवलेला देव्हारा, रिकामा.

मथुरानं देव्हारा बघितला आणि विचारलंच, "बाबा, ह्यातले देव कुठं गेले?"

श्रीनाथ मोबाईल बघत बोलला, "ते आईनं गावी काकांकडं पोचवले. तिकडं फ्लॅटमध्ये जागा कुठं आहे, आजी? भिंतीवर फोटो आहे तेवढा पुरे."

"धाकट्याच्या घरी दिले? थोरल्याचे देव?"

"आईच म्हणाली, पोचवले म्हणून." पोरगं कंटाळलेलं. त्याचं काय चुकलं म्हणा, सकाळपासनं पन्नास जणांनी त्याला पन्नास गोष्टी विचारल्या असतील.

आणि तिथंच, खाटंच्या मागं, मथुराला तो डबा दिसला. पितळेचा, गोल, गुडघ्याएवढा उंच, दोन्ही अंगाला कड्या. मथुरानं बोटाच्या पेरानं ठोकून बघितला तर भरलेला, आवाज जड आला. झाकण उघडलं तर वरपर्यंत जोंधळे. पांढरे, टपोरे, निवडलेले.

मी नाक मुरडायच्या तयारीत होते, पण मथुराचं तोंड बघितलं आणि थांबले. नवरीला बघितल्यावर सासूचं तोंड होतं तसं झालं होतं.

एवढ्यात मोडवाला आला. बार्शीकडचा कोणीतरी, मोठा टेम्पो घेऊन. तो तांब्या-पितळेची मोड वजनावर घेतो आणि भट्टीला घालतो. त्यानं बघता बघता घंगाळ घेतलं, समया घेतल्या, कळशा एकात एक घातल्या आणि डब्याच्या कडीला हात घातला.

"हा बी धरा वजनात. जोंधळे ओता भुईवर."

मथुरानं दुसऱ्या बाजूनं कडी धरली. "हा मी घेतलाय."

"घेतलाय? पैसे दिले का?"

"देते."

"मावशी, मी सगळंच उचलतोय. ह्यांना एका हातानं मोकळं करतोय. तुमी एका डब्यासाठी आडवं लावू नका."

"आरं, तू ह्याचा गोळा करणार. मी ह्यात नातीचा संसार घालणार. सोड!"

दोघांच्या मधी डबा. मोडवाला दांडगा, मथुरा काटकी. पण जी कडी तिनं धरली ती सुटायची न्हाय, हे मला ठावं होतं. श्रीनाथनं दोघांकडं बघितलं आणि म्हणाला, "आजींना द्या तो. जोंधळ्यासकट न्या आजी, तिकडं कोण घेऊन जाणार पोतंभर?"

मथुरानं पैसे दिले. आणि मग सवयीनं घराच्या दाराकडं वळली. "बाबा, तुझी आई कुठंय?"

"देवळात गेलीय. देवीचा निरोप घ्यायला. येईल इतक्यात."

मथुरा थांबली. मी बघत होते. मोडवाला टेम्पोत भांडी रचत एका डोळ्यानं डब्याकडं बघत होता. ती वाट बघत थांबली असती तर त्यानं चार पैसे जास्त टाकून डबा पळवला असता, आणि श्रीनाथनंबी दिला असता. मथुरानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा टेम्पोकडं, आणि मला म्हणाली, "अक्का, उचला त्या बाजूनं."

कोपऱ्यावर बब्रुवान टमटम घेऊन उभा होता. तो आमच्या भावकीतला, मथुराला काकू म्हणतो. डबा मांडीवर घेऊन आमी बसलो आणि गल्लीच्या तोंडाशी समोरनं एक म्हातारी आली. हातात नारळाची अर्धी भकल, चाल सावकाश, तोंडानं कायतरी पुटपुटत. ती धुरपदाबाई हे मी वळखलं. मथुरानंबी वळखलं, कारण तिनं पदर काढून डब्यावर घातला.

ईट आल्यावर मथुरा एवढंच म्हणाली, "बादलीबी घ्यायला पायजे व्हती."

घरी आल्यावर भाकरी खाल्ली आणि मथुरा डबा घासायला बसली. चिंच भिजत घातली. प्रतीक्षानं भुईवर धडपा अंथरला आणि दोघींनी मिळून डबा आडवा केला. जोंधळे सळसळ करत आले. निम्मे आले असतील आणि आतनं काहीतरी घसरून दणकन डब्याच्या काठाला लागलं. त्याच्याबरोबर जोंधळे पिवळे झाले.

"हळद हाय का?" प्रतीक्षा म्हणाली.

मथुरानं वास घेतला. "भंडारा हाय," ती म्हणाली आणि तिचा हात तिथंच राहिला.

पिवळ्या फडक्याचं गाठोडं होतं. गाठ अर्धी सुटलेली आणि त्यातनं चांदीचा एक कोपरा दिसत होता. घोड्यावर बसलेला खंडोबा.

टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले घरचे देव. आमच्या भागात घर बंद ठेवून लांब जायचं झालं तर देव धान्यात ठेवतात. धान्यात असले की ते उपाशी राहत न्हाईत, रोजची पूजा चुकली तरी रागवत न्हाईत. हे लहान लेकरालाबी ठावं असतं. फक्त पुण्याला जाऊन लई दिवस झालेल्यांना ठावं नसतं.

"काकाकडं पोचवले म्हणत व्हता की तो," मी म्हणाले.

"तिनं तसं सांगितलं त्याला," मथुरा भुईवर बसली. "जागा न्हाय म्हणाला आसंल पोरगा. म्हणून तिनं व्हय म्हणलं आणि देव जोंधळ्यात घातले. खाण्याचा डबा म्हणून संगं न्यायचा बेत आसंल तिचा, ती देवळात गेली तवा पोरानं अंगणात काढला आसंल. आणि म्या तो उचलून आणला. तिला न इचारता."

बाहेर शेजारच्या गोठ्यात म्हैस ओरडत होती.

"आज्जी, त्यात काय, आपल्या देवाजवळ ठेवू की," प्रतीक्षा म्हणाली.

"दुसऱ्याच्या कुळाचे देव आपल्यात बसत न्हाईत बाई. आणि तुझ्या हळदीला घरात परके देव रुसून बसलेले? अगं, त्यांच्या घरी उद्या कार्य निघालं तर ते जागरण-गोंधळ कुणाच्या पुढं घालणार? भिंतीवरच्या फोटोपुढं?" मथुरा उठली. "दिवस मावळायच्या आत निघणार म्हणाला व्हता. लाव फोन."

प्रतीक्षानं निरोपातल्या नंबराला फोन लावला. मथुरानं तिच्या हातातनं तो घेतला आणि कानाला न लावता तोंडापुढं धरला, आरशागत.

"बाबा, मी सकाळची. डबा नेला ती. मी डबा घेऊन..."

"आजी, विकलेला माल परत घेत नाही."

"आरं परत न्हाय रं, तुझ्या आईला दे फोन."

"आई आधीच वैताग देतेय. आम्ही निघतोय आता." फोन बंद.

परत लावला तर वाजत राहिला, कुणी उचलला न्हाय.

"देव हायेत म्हणून सांगा ना!" प्रतीक्षा म्हणाली. "मी मेसेज टाकते."

मथुरानं मोबाईल पदराखाली घेतला. "खबरदार. म्हातारीनं लेकाशी खोटं बोलून देव वाचवलेत. तिचं पितळ आपण उघडं पाडायचं? मग ते काकाकडंच जातील. न्हायतर त्या मोडवाल्याकडं."

मोडवाल्याचं नाव निघालं आणि मला सकाळची झटापट आठवली. तिनं कडी सोडली असती तर खंडोबा, भवानी समद्या घराण्यासकट भट्टीत गेले असते. मथुरालाबी तेच आठवलं असणार. तिनं गाठोड्याला हात लावला न्हाय. हात धुतले, पदर डोक्यावरनं घेतला, आणि भुईवरचे जोंधळे ओंजळीनं त्याच्यावर परत घालत बसली, एखाद्या लेकराला पांघरूण घालावं तसं. झाकण लावलं, कडीला दोरी बांधली.

बब्रुवानची टमटम कुठनंतरी कडबा भरून आली होती. मथुरानं त्याला अर्ध्या वाटंत धरलं.

"काकू, कडबा उतरवू द्या की."

"कडबा जाऊ दे भूमला. त्यालाबी बघू दे भूम."

आमी कडब्यावर बसलो. डबा मथुराच्या मांडीवर. काय आहे आत ते बब्रुवानला सांगावं लागलं, आणि तिथंच आमचं चुकलं. गडी देवभोळा. त्यानं गाडी अशी चालवायला सुरुवात केली की बाजूनं सायकलवाले पुढं जायला लागले.

"आरं, पळव की!"

"काकू, मागं देव बसल्यात. धक्का बसंल त्यांना."

"देवांना घरी जायचंय बब्रुवान! त्यांना तुझ्या धक्क्याचं काय न्हाय, घरची माणसं पुण्याला निघून गेली तर धक्का बसंल!"

मग त्यानं पळवली. अशी पळवली की कडब्याच्या पेंढ्या वाटंवर पडायला लागल्या आणि मला वाटलं, देव पोचतील पण आमी दोघी पोचतो की न्हाय. अर्ध्यात मेंढरांचा कळप आडवा आला. बब्रुवान भोंगा दाबतोय, मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढताहेत, मेंढक्या निवांत काठी खांद्यावर टाकून उभा. मथुरानं डबा माझ्या मांडीवर सरकवला, कडब्यावर उभी राहिली आणि ओरडली, "येळकोट येळकोट!" मेंढक्यानं दचकून हात जोडले आणि काठी घातली, वाट मोकळी झाली. मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. ऊन खाली आलेलं होतं आणि तिची सगळी नजर रस्त्यावर.

गल्लीत वळलो तर गाडी दारातच उभी, इंजिन चालू. मला हायसं वाटलं. पण मथुरा अजून तशीच ताठ.

अंगण रिकामं झालेलं. देव्हारासुद्धा कुणीतरी नेलेला. ओट्यावर धुरपदाबाई बसलेली, दोन्ही हात जोत्याला धरून, जणू कुणी उचलून नेईल. तिच्यापुढं श्रीनाथ.

"आई, हे शेवटचं सांगतोय. जोंधळे पुण्यात मिळतात. पोतं घेऊन देतो. दोन पोती घेऊन देतो!"

"मला माझा डबा पायजे."

"डब्यात काय ठेवलंय एवढं?"

"जोंधळे," म्हातारी म्हणाली आणि तोंड फिरवलं.

राजेश्वरी गाडीच्या दाराला टेकून उभी होती. चांगली पोरगी दिसत होती, पण दमलेली. तिचं बोलणं फार न्हाय. सकाळी ती आतबाहेर करत होती आणि एका शब्दानंबी कुणाला लागंल असं बोलली नव्हती.

मथुरानं डबा अंगणात आणून ठेवला. म्हातारीनं डबा बघितला. मग मथुराकडं बघितलं. मथुरानं दोरीवर हात ठेवला आणि हळूच मान हलवली. एवढंच. पण धुरपदाबाईचे हात जोत्यावरनं सुटले.

श्रीनाथनं कपाळाला हात लावला. "आजी, फोनवर सांगितलं ना. पैसे परत मिळणार नाहीत."

"पैसे कोण मागतंय? तुझ्या आईचे जोंधळे आणलेत. घरचं धान्य परक्या घरी जाऊ नये, म्हणून आणले."

"डिकी भरलीय. मागच्या सीटवर बॅगा आहेत. डब्याला जागा नाही." मग आईकडं बघून त्याला जरा कीव आली असावी. "बरं, थोडे घेतो. कॅरीबॅग आण गं. ओतून घेऊ चार मुठी," असं म्हणून तो खाली बसला आणि दोरी सोडायला लागला.

त्यानं डबा आडवा केला की सगळं बाहेर पडणार होतं. धुरपदाबाई उठून उभी राहिली होती. मथुरानं झाकणावर तळहात दाबला.

"थांब लेकरा. ओटीच्या धान्याला बाप्या माणसानं हात लावायचा न्हाय."

"कसली ओटी?"

"तुझ्या आईची. घर सोडून चालली ती. पयल्यांदा सासरी आली तवा ह्याच उंबऱ्यात तिची ओटी भरली असंल. आता परत सासरी चालली. लेकाच्या. रित्या पदरानं न्यायची का?"

ओटीचं ऐकून मला कळलं ती काय करतीय. एकदा देव बाईच्या ओटीत गेले की त्या पदरात कुणाचा हात जायचा न्हाय. घरी पोचल्यावर ती आपल्या हातानं उतरवणार. पण श्रीनाथ काय एवढं विसरलेला नव्हता.

"बाबा गेल्यापासून आईची ओटी नाही भरत कुणी. आणि भरायची तर सवाष्णीनं. तुम्ही..." तो मथुराच्या कपाळाकडं बघून थांबला. मग माझ्या. आमी दोघी पांढऱ्या कपाळाच्या. तो खोटं बोलत नव्हता.

"मी भरते," राजेश्वरी म्हणाली.

गाडीचं दार सोडून ती आली आणि डब्यापुढं गुडघ्यावर बसली. मथुराचा तळहात अजून झाकणावर. आता नको म्हणावं तर कोणत्या तोंडानं म्हणणार? सून सासूची ओटी भरते म्हणतीय आणि परकी बाई आडवी येतीय? आणि भरू द्यावं तर हात जोंधळ्यात जाणार, गाठोडं लागणार, आणि घरात जागा न्हाय म्हणणारी ही की तिचा नवरा, ते आमाला कुठं ठावं होतं?

मथुरानं हात काढला.

धुरपदाबाईनं पदर पसरला. राजेश्वरीनं पहिली ओंजळ घातली. दुसरी घातली. जोंधळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला तसं मी पुढं सरकून श्रीनाथच्या आणि डब्याच्या मधी उभी राहिले. एवढीच माझी करामत. मी जाडी हाय, त्या दिवशी उपयोगाला आले.

तिसऱ्यांदा राजेश्वरीचे हात जोंधळ्यात गेले आणि थांबले.

तिनं वर बघितलं न्हाय. बोटं धान्यात हळूहळू फिरताना दिसत होती, जसं आंधळ्यानं तोंड चाचपावं. आतल्या आत चांदीला चांदी लागली, बारीक आवाज झाला. मथुरानं डोळे मिटले. धुरपदाबाईनं मिटले न्हाईत, ती सुनेच्या हाताकडं बघत होती.

"झालं का?" मागनं श्रीनाथ म्हणाला. "ट्रॅफिक लागेल गं."

"होतंय," राजेश्वरी म्हणाली. "घाई करू नका. ओटी आहे."

आणि तिनं जोंधळ्यासकट ते सगळं दोन्ही हातांनी उचललं, वरून धान्य, खालून धान्य, मधी देव, आणि सासूच्या पदरात ठेवलं. ओतलं न्हाय, ठेवलं. वरनं आणखी ओंजळभर जोंधळे घातले. मग पदराची दोन्ही टोकं एकत्र करून सासूच्या कमरंला खोचून दिली.

"आई, घट्ट धरा," म्हणाली. आणि नवऱ्याला म्हणाली, "मागच्या सीटवरच्या तुमच्या बॅगा पुढं घ्या. आईंच्या शेजारी काही ठेवायचं नाही."

"माझ्या पायात ठेवू बॅगा?"

"ठेवा."

धुरपदाबाई वाकून पायात चप्पल घालू लागली तर राजेश्वरीनं खाली बसून घातली. उंबऱ्याला हात लावून म्हातारी निघाली. गाडीत बसली तशी श्रीनाथनं पट्टा ओढला. "आई, हा बेल्ट लावावा लागतो."

"मी लावते," राजेश्वरी म्हणाली आणि तिनं तो पट्टा ओटीच्या वरनं, पोटुशी बाईला बांधावा तसा जपून बांधला.

गाडी हलायच्या आधी धुरपदाबाईनं काच खाली करायला लावली. पदरातनं चिमूटभर जोंधळे काढले आणि मथुराच्या हातावर ठेवले.

"डब्यात घाला. रिकामा नेऊ नगा," ती म्हणाली. "डबा तुमचा. घ्या."

तिनं न विचारताच सांगितलं ते. सकाळी जे विचारायचं राहिलं होतं त्याचं उत्तर. गाडी गेल्यावर मथुरानं डोळ्याला पदर लावला आणि बब्रुवानला म्हणाली, "कडब्याचा लई धुरळा उडतो बघ तुझ्या."

"काकू, कडबा वाटंतच सांडला की सगळा."

प्रतीक्षाच्या रुखवतात तो डबा चमकत होता. लग्नाच्या गडबडीत एका दुपारी तिच्या मोबाईलवर राजेश्वरीचा फोन आला. मथुरा फोन तोंडापुढं धरून ओरडली, "बसले का?"

"बसले, मावशी. खिडकीपाशी, स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यात. ह्यांनी विचारलं हे कुठून आले. मी म्हटलं, ओटीतून."

"मग काय म्हणला?"

"काही नाही. घोड्यावरचा खंडोबा हातात घेऊन बघत बसले. आईंना म्हणाले, ह्याचा एक कोपरा मी लहानपणी वाकवला होता ना?"

मथुरा अजून जाते रविवारची. मीबी जाते. आता घरची बाई देवळात गेली असली तर ती वाट बघत बसते, मग मोडवाला येवो न्हायतर त्याचा बाप. आणि अजून एक सवय लागलीय. डबा दिसला, कणगी दिसली, पेटी दिसली की बाही वर करून तळापर्यंत हात घालती. लोकांना वाटतं म्हातारी सोनं हुडकतीय. परवा परंड्याला एका पोरानं हटकलंच, "ओ आज्जी, काय शोधताय आत?"

मथुरानं दंडापर्यंत तांदळानं पांढरा झालेला हात बाहेर काढला.

"कुणी राह्यलंय का बघते," म्हणाली.